आधी नोंद, मग चोरी

दुकानातून गुपचूप वस्तू लांबवणाऱ्याला इंग्रजीत 'शॉपलिफ्टर' म्हणतात. लिफ्ट म्हणजे उचलणं. आपल्याकडे उचलणारा तो उचल्या. दोन भाषांना एकाच क्रियापदावरून शब्द सुचला, इथवर गंमत आहे. पुढे ती संपते. इंग्रजी शब्द कृतीवरून पडला. चोरी केली की माणूस शॉपलिफ्टर होतो, त्याच्या आदल्या क्षणी तो गिऱ्हाईक असतो. 'उचल्या' हे मात्र एका अख्ख्या समाजाचं नाव झालं. त्या समाजात जन्मलेली मुलगी पाळण्यात असतानाच उचल्या ठरली, हाताची मूठही नीट वळत नव्हती तेव्हा. लक्ष्मण गायकवाड यांनी १९८७ साली आलेल्या आत्मकथनाला तेच नाव दिलं. पुढच्या वर्षी त्याला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, पण शब्दाचा डाग काही गेला नाही. 'भामटा'चंही तेच. आपण तो शब्द रोजच्या बोलण्यात फसवणाऱ्या माणसासाठी वापरतो, आणि 'राजपूत भामटा' ही महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीतली जात आहे. कोणाच्या तरी शाळेच्या दाखल्यावर आपली शिवी लिहिलेली असते.

चोरी वाईट की चांगली, हा इथला प्रश्न नाही. पदराखाली, ओढणीखाली किंवा पर्समध्ये न दिलेल्या पैशांची वस्तू सापडलेल्या बाईकडे पाहताना आपण नेमका कशाचा न्याय करतो, तिने केलेल्या गोष्टीचा की तिचा, हा आहे. गेल्या अडीचशे वर्षांत या प्रश्नाला तीन उत्तरं मिळाली. एकीला गुन्हेगार म्हटलं, दुसरीला आजारी, तिसरीच्या रक्तातच चोरी आहे असं ठरवलं. कृती तीच होती.

पहिली लंडनची. इंग्लंडात १६९९ साली एक कायदा झाला होता. दुकानातून ५ शिलिंग किंवा त्याहून जास्त किमतीचा माल गुपचूप उचलला, तर शिक्षा फाशी. हा कायदा सव्वाशे वर्षांच्या आसपास टिकला. मेरी जोन्स नावाची जेमतेम विशीची बाई १७७१ साली लडगेट हिल भागातल्या एका कापडाच्या दुकानात शिरली आणि मलमलीचे तुकडे उचलताना पकडली गेली. तिने कोर्टात सांगितलं की नवऱ्याला आरमारात जबरदस्तीने भरती करून नेलं, तोवर आमचं बरं चाललं होतं. पदरात मुलं होती. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात तिला टायबर्नला फाशी दिली. विल्यम मेरेडिथ या खासदाराने १७७७ साली पार्लमेंटात तिची गोष्ट सांगितली, म्हणून ती आपल्यापर्यंत आली. फासाकडे जाताना तिचं मूल अंगावर पीत होतं, असं त्याने सांगितलं. दुकानदाराने आपल्याला पाहिलं हे कळताच तिने कापड परत ठेवलं होतं, असंही.

या बाईच्या बाबतीत कायद्याने एक गोष्ट बरोबर केली. तिने काय केलं ते तपासलं, साक्षी घेतल्या, तिचं म्हणणं नोंदवलं. पण गुन्हा सिद्ध झाल्यावर कायद्याने डोळे मिटले. ती कोण, घरात काय उरलं होतं, मूल कोणाकडे जाणार, यातलं काहीही शिक्षेच्या मापात आलं नाही.

दुसरी गोष्ट श्रीमंत बाईची. ती समजायला आधी दुकान कसं बदललं ते पाहावं लागतं. जुन्या दुकानात माल मालकाच्या पाठीमागे असे. आपल्याकडेही तसंच होतं. पांढऱ्या चादरीच्या गादीवर शेठ बसलेले, मुनीम शेजारी, आणि लुगडं दाखवायचं तर नोकर ते फडताळातून काढून समोर उलगडणार. गिऱ्हाइकाचा हात मालापर्यंत पोचायचा तो दुकानदाराच्या परवानगीने. एकोणिसाव्या शतकात पॅरिसमध्ये ही मांडणी मोडली. १८५२ पासून वाढत गेलेल्या 'बाँ मार्शे'सारख्या भव्य दुकानांनी माल उघड्यावर मांडला. आत या, हात लावा, अंगाला लावून पाहा, नाही घेतलं तरी चालेल. मोह व्हावा म्हणूनच ही रचना केलेली होती. मोह झाला आणि पैसे दिले तर ती खरेदी. मोह झाला आणि पैसे दिले नाहीत तर चोरी. दुकानाला पहिलं हवं होतं, आणि दुसरं त्याच्या पाठोपाठ आलं.

अडचण अशी झाली की पकडल्या जाणाऱ्यांत चांगल्या घरच्या बायका निघू लागल्या. पर्समध्ये पैसे असायचे आणि बाहीत लेस असायची. त्यांना चोर कसं म्हणायचं? उत्तर वैद्यकशास्त्राने दिलं. गरज नसताना चोरी करण्याच्या अनावर ओढीला एका स्विस डॉक्टरने १८१६ सालीच आजाराचं नाव दिलं होतं. पुढे त्याचा 'क्लेप्टोमेनिया' झाला आणि शतकाच्या अखेरीस तो मोठ्या दुकानांत पकडलेल्या बायकांना बेतून शिवल्यासारखा बसला. मासिक पाळी, गर्भारपण, पाळी जाण्याचं वय, नाजूक मज्जातंतू, सगळं त्यात आलं. हा विकार खोटा नाही. आजच्या मनोविकारांच्या यादीतही तो आहे, आणि तो दुर्मीळ आहे. तेव्हा मात्र तो ज्यांना झाला त्यांच्या अंगावर बहुतेक वेळा रेशीम असायचं.

सॅन फ्रान्सिस्कोच्या चहाच्या व्यापाऱ्याची बायको एला कॅसल १८९६ साली नवऱ्यासोबत लंडनला आली होती. हॉटेलच्या खोलीत दुकानांतून लांबवलेली फरची वस्त्रं आणि इतर वस्तू सापडल्या. काहींवर दुकानांच्या चिठ्ठ्या तशाच होत्या. तिने गुन्हा कबूल केला, तीन महिन्यांची शिक्षा झाली, आणि काही दिवसांतच गृहमंत्र्यांनी वैद्यकीय कारणावरून तिला सोडून दिलं. मेरी जोन्स आणि एला कॅसल यांच्यामध्ये सव्वाशे वर्षांचं अंतर आहे आणि त्या काळात कायदा बराच सौम्य झाला होता, हे खरं. पण अंतर नुसतं काळाचं नाही. त्याच १८९६ साली सरकार वऱ्हाडासारख्या मुलखात बायकांच्या मज्जातंतूंचा असा विचार करत नव्हतं. इथे तिसरं उत्तर तयार झालं होतं.

मेरी जोन्सच्या फाशीला शंभर वर्षं होत असताना, ऑक्टोबर १८७१ मध्ये, हिंदुस्थानात गुन्हेगार जमाती कायदा झाला. त्यामागचा युक्तिवाद सरळ होता. या देशात सुताराचा मुलगा सुतार होतो, विणकराचा विणकर. तसे काही लोक पिढ्यान्‌पिढ्या चोर असणार. कायदा उत्तरेकडे सुरू झाला आणि १९११ च्या दुरुस्तीनंतर देशभर वापरता येऊ लागला. जमात एकदा 'गुन्हेगार' म्हणून जाहीर झाली की तिच्या लोकांची नोंद, हजेरी, परवान्याशिवाय गाव सोडायला बंदी. नोंद होण्यासाठी गुन्हा केलेला असण्याची गरज नव्हती. १८९७ च्या दुरुस्तीने ४ ते १८ वर्षांच्या मुलांना आईबापांपासून काढून वेगळ्या सुधारगृहात ठेवण्याची सोय केली. एला कॅसल सुटून गेली त्याच्या दुसऱ्या वर्षी.

वऱ्हाड १८५३ पासून इंग्रजांच्या कारभाराखाली होता. कापसाला भाव होता, रेल्वे आली होती, अकोला-अमरावतीच्या बाजारात पैसा खेळत होता आणि त्या पैशाची राखण करायला पोलिसांना पुस्तकं लागत होती. मेजर गंथॉर्प या पोलीस अधिकाऱ्याचं असं एक पुस्तक १८८२ साली निघालं. त्याच्या नावातच मुंबई इलाखा, वऱ्हाड आणि मध्य प्रांत आहेत. विषय अर्थात त्या मुलखातल्या गुन्हेगार जमाती. पुढे १९०८ साली मुंबई इलाख्याचे पोलीस महानिरीक्षक केनेडी यांचं जास्त नीटनेटकं पुस्तक आलं. मी सॉफ्टवेअर लिहिते, त्यामुळे असल्या पुस्तकात मला आधी मजकूर दिसत नाही, रकाने दिसतात. प्रत्येक जमातीसाठी तेच रकाने: दिसणं, पोशाख, बोली, वेशांतराचे प्रकार, कोणत्या गुन्ह्याची सवय, करण्याची पद्धत, माल लपवण्याच्या जागा. आणि एक रकाना उपजीविकेचा. त्यात वरवर दाखवायचा धंदा कोणता, अशी विचारणा आहे.

त्या 'वरवर'मध्ये केवढं काही गडप झालं, ते टाकणकरांवरून कळतं. टाकणकर ही पारध्यांमधली जमात, मुख्यतः वऱ्हाडातली. काम जात्याला टाकी लावण्याचं. दळून दळून जात्याची पाळी गुळगुळीत झाली की पीठ जाडंभरडं पडतं. मग छिन्नी-हातोडीने तिला पुन्हा खरबरीत करावं लागतं. ज्वारीच्या भाकरीवर जगणाऱ्या मुलखात हे काम बिनमहत्त्वाचं नव्हतं. टाकी लावणारी माणसं गावोगाव हिंडत आणि त्यांना घरात, माजघरापर्यंत जावं लागे, कारण जातं तिथेच असतं. पोलिसांच्या लेखी मात्र हे काम म्हणजे घरं हेरायचं निमित्त. जातं टाकवायला आलेली बाई घरात इकडेतिकडे पाहते म्हणजे तिजोरी कुठे ते बघते. ती मजुरी बघत असेल, सावली बघत असेल, पाण्याचा माठ बघत असेल, याला रकाना नव्हता. तिची कला, तिचे श्रम, तिचं गावाशी असलेलं नातं 'वरवर' या एका शब्दात मावलं आणि उरली ती चोरी, मग ती तिने केलेली असो वा नसो.

रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांच्या १९१६ च्या मध्य प्रांतातल्या जातीजमातींवरच्या ग्रंथात भामट्यांबद्दल एक ऐकीव गोष्ट आहे. मागणी घालणाऱ्याला पोलिसांनी निदान १४ वेळा धरल्याशिवाय वर्ध्याकडची भामट्याची मुलगी लग्नाला तयार होत नाही, असं म्हणतात. कोण म्हणतं, कोणत्या मुलीने सांगितलं, काही नाही. जाता जाता ऐकलेली थट्टा सरकारी ग्रंथात जाऊन बसली की ती थट्टा राहत नाही. मेरी जोन्सचं निदान एक वाक्य तरी दप्तरात आहे. एला कॅसलच्या बाजूने डॉक्टर बोलले. वऱ्हाडातल्या या बायकांबद्दल पानंच्या पानं लिहिली गेली, आणि एकीलाही कोणी विचारलं नाही.

गुन्हेगार जमाती कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला. त्या जमाती 'विमुक्त' झाल्या, आणि तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळला जातो. पण राज्याराज्यांत सराईत गुन्हेगारांचे कायदे आले. मुंबई राज्याचा १९५९ चा. कागदावर ते व्यक्तीसाठी होते. जुनी सवय त्यांच्या आडोशाला राहिली.

आता दुकानात येऊ. अमरावतीत जवाहर गेटच्या आत किंवा अकोल्यात टिळक रोडला अजून गादीची दुकानं आहेत, पण कपड्यांचा मोठा व्यवहार उघड्या रॅकवर गेला आहे. तीनमजली शोरूम, ट्रायल रूम, दारावर किणकिणणारं टॅगचं यंत्र, छताला काळ्या घुमटातले कॅमेरे. पॅरिसला झालं ते आपल्याकडे दीडशे वर्षांनी झालं. लग्नसराईच्या दिवसांत अशा ठिकाणी तासभर उभं राहून पाहावं. दारावर पिशवी काउंटरवर ठेवायला सगळ्यांनाच सांगतात, पण सगळ्यांना सारखं सांगत नाहीत. गाडीतून उतरलेल्या मॅडमच्या खांद्यावरची मोठी पर्स पर्सच असते. एसटीने आलेल्या, नऊवारी किंवा घागरा नेसलेल्या, हातात कापडी थैली असलेल्या बाईला, "ओ मावशी, थैली तिकडं ठेवा," असं ओरडून सांगितलं जातं. ती आत गेली की एक पोरगा दोन पावलं मागे चालू लागतो. तिला ते कळतं. तिला ते कळतं आहे हे त्यालाही कळतं.

दुकानदाराची बाजू खोटी नाही. वऱ्हाडातला कापड दुकानदार म्हणजे पॅरिसचं भव्य दुकान नव्हे. सोयाबीनला भाव नसला की गिऱ्हाईक नाही, माल उधारीवर उचललेला, आणि त्यातून चार साड्या गेल्या तर त्या दिवसाची कमाई गेली. शिवाय तूट नेहमी मालकाच्याच खिशातून जाते असंही नाही. अकोल्यातल्या एका दुकानात काउंटरवरच्या मुलीने मला सहज सांगितलं होतं, "स्टॉक कमी भरला तं आमच्याच पगारातून कटते नं ताई." म्हणजे एका बाईने उचललेल्या कुर्तीचे पैसे दुसरी बाई भरते, जिला ती कुर्ती स्वतःसाठी परवडत नाही. चोरीबद्दल हळवं होऊन लिहिणाऱ्यांनी ही मुलगी विसरू नये. दुकानातून उचलणं हे काही श्रीमंतांविरुद्धचं बंड नसतं. बऱ्याचदा तो भार खालच्या पायरीवरच्या माणसावर उतरतो.

मग दुकानदाराने संशय घेऊ नये का? घ्यावा. पण कशावरून?

"अनुभवावरून," असं उत्तर येतं. "याच बायका सापडतात." या उत्तरात मला रस आहे, कारण त्यात हिशेबाची एक चूक आहे आणि ती आम्हा संगणकवाल्यांना चांगली ओळखीची आहे. समजा, एका दुकानात वर्षभरात दोन प्रकारच्या हजार-हजार बायका आल्या. दोन्हींत प्रत्येकी दहा जणींनी काहीतरी लपवलं. पहिल्या प्रकारच्या बायकांवर पोरगा मागे ठेवला होता, म्हणून दहातल्या आठ सापडल्या. दुसऱ्या प्रकारच्या बायकांना सरबत विचारलं होतं, म्हणून दहातली एक सापडली. वर्षाअखेरीस वहीत आठास एक असं प्रमाण दिसतं. मालक शहाणा असेल तर वही पाहून दुसरा पोरगाही पहिल्यांच्याच मागे लावतो. पुढच्या वर्षी वहीत दहास शून्य. वहीतली एकही नोंद खोटी नाही, आणि निष्कर्ष पूर्ण खोटा आहे. गुन्हेगार जमातींची नोंदवही अशीच ऐंशी वर्षं स्वतःला खरी ठरवत राहिली. हजेरी ज्यांची घ्यायची, गैरहजर तेच सापडणार.

ही वही आता यंत्राला पाठ करायला देतात. अमेरिकेतल्या राइट एड या औषधदुकानांच्या साखळीने अनेक वर्षं चेहरा ओळखणारी यंत्रणा वापरली होती. आधी संशयित म्हणून नोंदलेल्या लोकांशी चेहरा जुळला की कर्मचाऱ्यांना इशारा यायचा. चुकीचे इशारे भरपूर आले, आणि ते बायकांच्या आणि गोऱ्या नसलेल्यांच्या वाट्याला जास्त आले. एका ११ वर्षांच्या मुलीला अडवून तिची झडती घेतली गेली. तिथल्या व्यापार आयोगाने डिसेंबर २०२३ मध्ये या कंपनीला पाच वर्षं अशी यंत्रणा वापरायला मनाई केली. यंत्राच्या मनात द्वेष नसतो, असं आम्ही अभिमानाने सांगतो. केनेडींच्या पुस्तकातल्या रकान्यांच्या मनातही नव्हता.

आपल्याकडे ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर निकाल दिला. तुरुंगांच्या नियमावल्यांतला जातीवरचा भेदभाव घटनाबाह्य ठरला आणि कैद्यांच्या नोंदवहीतला जातीचा रकाना काढून टाकण्याचा आदेश झाला. विमुक्त जमातींच्या लोकांना उगाच अटक होऊ नये, हेही त्यात आलं. निकाल मोठा आहे. पण रकाना खोडला म्हणून माहिती जात नाही, हे कोणताही प्रोग्रामर सांगेल. ती शेजारच्या रकान्यांत मुरलेली असते. पत्त्यात बेडा असतो, आडनावात भोसले-पवार-चव्हाण असूनही बोलीत पारधी असतो, लुगड्यात, गोंदणात, अनवाणी पायांत असतो. दुकानातल्या पोराने कधी जातीचा दाखला मागितलेला नसतो. त्याला लागतच नाही.

म्हणून मला वाटतं, प्रश्न माहितीचा नाही, क्रमाचा आहे. बाई दुकानात आली आणि तिने अजून काही केलेलं नाही, तेव्हा ती कोण हे आपल्याला दिसता कामा नये. तेव्हा फक्त हात दिसावेत, आणि सगळ्यांचे सारखे दिसावेत. तिने उचललं, हे नक्की झालं, की मग मात्र ती कोण हे पाहायलाच हवं. काय उचललं, तान्ह्याचं दुधाचं पीठ की तिसरं घड्याळ. पहिल्यांदा की सवयीने. घरी कोण आहे. औषधाची गरज आहे का. संशयाच्या वेळी आंधळं आणि शिक्षेच्या वेळी डोळस. आपण बहुतेकदा उलट करतो. गरीब बाईबद्दल गुन्ह्याच्या आधी आपल्याला सगळं माहीत असतं आणि गुन्ह्यानंतर काहीच जाणून घ्यायचं नसतं.

या क्रमाने पाहिलं तर एला कॅसलचा खटला वेगळा दिसतो. तिच्या गोष्टीवर आपण चिडतो, श्रीमंत म्हणून सुटली म्हणतो. पण नीट पाहिलं तर तिला जे मिळालं ते प्रत्येकीला मिळायला हवं होतं. दुकानात शिरताना तिच्यावर कोणी आगाऊ शिक्का मारला नाही, आणि पकडल्यावर तिच्या मनात काय चाललं असेल याची कोणीतरी फिकीर केली. अन्याय तिच्या सुटण्यात नाही. टाकणकर बाईला त्यातलं एकही मिळालं नाही, यात आहे. समता आणायची तर एलाला मेरीसारखं फासावर नेऊन येत नाही. मेरीला एलाइतकं ऐकून घ्यावं लागतं.

मात्र दयेतही एक मेख आहे. 'तिला आजार आहे' आणि 'तिच्या रक्तात आहे' ही दोन वाक्यं दिसायला विरुद्ध टोकांची आहेत, तरी दोन्ही एकच गोष्ट सांगतात: तिने काही ठरवलेलं नाही, तिच्याकडून झालं. 'गरिबीने करवलं' हेही घाईने म्हटलं तर त्याच ओळीत बसतं. मोह झाला, राग आला, हाव सुटली, मुलीला एकदा तरी नवा फ्रॉक घालावा वाटला, पकडले जाणार नाही असा अंदाज केला आणि तो चुकला, ही सगळी माणसाच्या मनाची कामं आहेत. ती वऱ्हाडातल्या बेड्यावरच्या बाईच्याही मनात होतात. तिला जबाबदार धरणं हा तिचा अपमान नाही. अपमान आहे तो तिच्याऐवजी तिच्या जातीला, तिच्या गर्भाशयाला किंवा तिच्या दारिद्र्याला विचारून मोकळं होणं.

कायदा या क्रमाच्या थोडा जवळ आला आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत, चोरीचा माल ५००० रुपयांहून कमी किमतीचा असेल, दोष पहिल्यांदाच सिद्ध झाला असेल आणि वस्तू किंवा किंमत परत केली असेल, तर शिक्षा म्हणून समाजसेवा आहे. अटकेत घेतलेल्या स्त्रीची झडती दुसऱ्या स्त्रीनेच, सभ्यता सांभाळून घ्यायची, हा नियम तर जुनाच आहे. त्याच २०२४ च्या ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाच्या ग्रंथालयात न्यायदेवतेची नवी मूर्ती आल्याची बातमी आली. तिच्या डोळ्यांवर पट्टी नव्हती. त्यावर वाद झाला, पट्टी हवी की नको. मला वाटतं दोन्ही बाजू अर्ध्या बरोबर होत्या. पट्टी हवी, पण कधी बांधायची आणि कधी सोडायची हे ठाऊक हवं.

आपल्या रोजच्या जगण्यात मात्र न्यायालय फार उशिरा येतं, किंवा येतच नाही. त्याआधी मोबाइल येतो. दुकानाच्या मागच्या खोलीत बसवलेली बाई, समोर टेबलावर काढून ठेवलेल्या साड्या, पदराने झाकलेलं तोंड, आणि "तोंड दाखव" म्हणणारा कॅमेऱ्यामागचा आवाज. दीड मिनिटाचा व्हिडिओ व्हॉट्सॲपवर अमरावतीहून अकोल्याला बस पोचायच्या आत पोचतो. खाली लिहिलेलं असतं, 'या महिलांपासून सावध'. चोरी तिने केली असेलही. पण ५००० च्या आतल्या मालासाठी कायदा समाजसेवा सांगतो आणि आपण जन्मभराची नोंद करतो, तिच्या मुलीच्या वर्गातल्या पालकांच्या ग्रुपपर्यंत. हजेरीची वही आता सरकारने ठेवायची गरज उरलेली नाही. ती आपल्या खिशात आहे, आणि तिच्यातलं पान पुढे ढकलायचं की नाही हे आपल्या अंगठ्यावर आहे.

मंगरूळ चव्हाळा हे अमरावती जिल्ह्यातल्या नांदगाव खंडेश्वर तालुक्यातलं गाव. तिथे मतीन भोसले यांनी फासेपारधी मुलांसाठी आश्रमशाळा काढली आणि तिचं नाव ठेवलं 'प्रश्नचिन्ह'. शाळेला ज्ञान, प्रकाश, उदय अशी नावं देण्याची आपली रीत आहे. या नावात उत्तराची घाई नाही. ज्या समाजाबद्दल दीडशे वर्षं नुसती विधानं केली गेली, त्याच्या मुलांनी पाटीवर आधी प्रश्नचिन्ह लिहिलं, हे मला योग्य वाटतं.

दुकानदारांसाठी माझ्याकडे मोठा उपाय नाही. पण एक लहान नियम आहे आणि त्याला पैसे लागत नाहीत. पिशव्या ठेवून घ्यायच्या तर सगळ्यांच्या घ्या, मॅडमची पर्सही. ते जमत नसेल तर मावशींची थैलीही राहू द्या. दोन्हींपैकी काहीही करा. आणि तूट आली तर ती काउंटरवरच्या मुलीच्या पगारातून कापू नका; तिने काहीही उचललेलं नाही.